लिंटेलपर्यंत

घर एकदम येत नाही, हप्त्यानं येतं.
पाया झाला की एक फोटो,
लिंटेल झाली की दुसरा,
स्लॅब पडला की तिसरा.
फोटोत बाईनं उभं राहायचं,
मागं भिंत, तोंडावर ऊन,
आणि मोबाईलला कळलं पाहिजे
की ही बाई ह्याच जागेवर उभी आहे.
चाळीस वर्षं झाली निपाणीत उभी आहे मी,
भाड्याच्या पत्र्याखाली.
ते कुठल्या मोबाईलला कळलं नव्हतं.

फॉर्म कानडीत. बसलिंगप्पा वाचून दाखवायचा.
आधारावर हवसाबाई, रेशनकार्डावर हौसव्वा,
विडी-कार्डावर नुसतीच हौसा.
कुठली खरी, म्हणाला.
तिघींत मिळून एकच घर द्या, साहेब, म्हटलं.
हसला, तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली,
इदेल्ला नीनेना?
हौद, म्हटलं. सगळी मीच.

जागा नगरपालिकेची, तंबाखूच्या जुन्या वखारीमागची.
कर्ज बँकेचं, गटाच्या नावावर.
विटा दाबायचं यंत्र बेळगावच्या कॉलेजचं,
त्याच्याबरोबर आलेली चिन्मयी, चष्मेवाली पोरगी,
मातीचा लाडू वळून खांद्यावरनं सोडायची,
खाली बसून तुकडे मोजायची.
आमची काळी चालत नाही म्हणाली, ती फुगते.
मग खानापूरकडनं तांबडी आली, ट्रॅक्टरनं.
आणि मेहनत आमची.
कागदावर तिच्यापुढं आकडा लिहिला होता.
तो आकडा मी दोनदा वाचायला लावला.

एकोणीस बायका, एकोणीस घरं,
आणि कुठलं कुणाचं हे कुणालाच सांगायचं नाही.
चिठ्ठ्या शेवटी.
म्हणजे प्रत्येक भिंत आपलीच समजून रचायची,
असं मीटिंगमध्ये ठरलं. टाळ्याबी वाजल्या.

सकाळी विड्या, दुपारनं विटा.
हाताला तंबाखूचा वास, त्यावर सिमेंट;
भाकरीला दोन्ही लागायचं.

एका दिवशी ठेकेदारानं दोनशे छाट काढल्या.
पान फाटलं म्हणे, दोरा सैल म्हणे.
तशीच गेलो कामावर, डोकं तापलेलं.
सातव्या घराची उत्तरेची भिंत,
लिंटेलच्या वर तिसरा थर.
दोरी ताणली नाही.
कुणाच्या बापाचं घर, म्हटलं मनात,
आणि लावत गेलो वीट, वीट, वीट.

संध्याकाळी लांबनं बघितलं.
थर बैलाच्या मुतासारखा गेलेला.
चिन्मयी त्या आठवड्यात परीक्षेला गेलेली.
वर आणखी चार थर चढले,
आणि गिलावा तर करायचाच नव्हता,
वीट उघडी ठेवायची, खर्च वाचतो.

चिठ्ठ्या शाळेच्या पोरीनं काढल्या.
बारावं माझं.
सातवं मेहरूनबीचं.
मेहरूनबी, जिनं माझ्या लेकीच्या बाळंतपणात
आठ दिवस माझ्या वाटणीच्या विड्या वळल्या
आणि हिशोबात धरल्या नाहीत.

बाराव्यातल्या माझ्या भिंती सरळ आहेत.
कुणी रचल्या, माहीत नाही.
रात्री हात लावून बघतो.

ती काही बोलली नाही.
स्टुलावर चढली, तिथं खिळा मारला
आणि बँकेचं कॅलेंडर लावलं, कानडी,
मोठ्या आकड्यांचं.
वाकडं सगळं झाकत नाही ते.
डाव्या अंगाला दोन विटा दिसतातच.
मी चहाला गेलो की दाराकडं तोंड करून बसतो.

विडी असती तर छाट निघाली असती,
पैसे कापले असते, फिटलं असतं.

परवा जानेवारी लागला.
जुनं कॅलेंडर तिनं उतरवलं,
आणि क्षणभर भिंत नुसती आम्हा दोघींपुढं.
वर धूळ नव्हती. पुसत होती ती, वर्षभर.

नवं खिळ्याला अडकवलं, मागं सरली,
मान तिरकी करून म्हणाली,
हौसा, सरळ आलंय का गं?

मी बघितलं. बराच वेळ बघितलं.
हौद, म्हटलं.